आजूबाजूच्या लोकांना काय हवंय, हे चर्चने कधी विचारलंय का?

पायवाट
समाजसेवेचा विषय निघाला की आपल्या मंडळ्यांत, म्हणजे गावोगावच्या चर्चमध्ये, पहिला प्रश्न असतो, 'काय वाटूया?' वर्षातून एकदा कपडे-धान्य वाटायचं, फोटो काढायचे, आभार मानायचे. शेजारी राहणाऱ्यांना नेमकी कशाची नड आहे, ते कुणी विचारत नाही.

बायबलमधलं 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक, अध्याय ६ बघा. यरुशलेमच्या मंडळीत रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांची आबाळ होत होती. कुरकुर झाली. प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या निवडक शिष्यांनी, ती झटकून टाकली नाही, मंडळीला सात जण निवडायला सांगितले, आणि त्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची आबाळ होत होती, बहुधा त्यांच्यातल्याच लोकांकडे वाटप सोपवलं गेलं. आपल्या सेवा समित्यांत असं कुणी असतं का?

आणि ती इमारत! रविवारी सकाळी गजबजलेली, एरवी कुलूप. घरी अभ्यासाला जागा नसलेली मुलं, दिवसभर बोलायला कुणी नसलेले म्हातारे हाकेच्या अंतरावर असतात. दार उघडं ठेवायला काही फार मोठा निधी लागत नाही.

जुना_सभासद
अध्याय ६ अर्धाच सांगितलात. देवाचं वचन सांगायचं सोडून पंक्तिसेवेत, म्हणजे जेवण वाढण्यात, गुंतणं आम्हाला योग्य नाही, असं प्रेषित तिथेच म्हणतात. अभ्यासिका, समुपदेशन हे इतर संस्थाही करतात, बऱ्याचदा आपल्यापेक्षा चांगलं. पापक्षमेची सुवार्ता चर्चने नाही सांगितली तर कोण सांगणार? उपासना मरगळलेली असताना उपक्रम वाढवले, तर हाती फक्त एक हॉल उरेल.

पायवाट
त्याच सातांतला स्तेफन पुढच्या अध्यायात न्यायसभेपुढे निर्भीडपणे बोलतो आणि फिलिप्प शोमरोनात सुवार्ता सांगतो. वाढणारे आणि सांगणारे अशी फाळणी तिथेही टिकली नाही. उपाशी भावाला नुसतं 'ऊब घे, पोटभर जेव' म्हणणाऱ्याला याकोब बायबलमधल्या आपल्या पत्रात काय सुनावतो, तेही वाचा.

काठावरून
मी ख्रिस्ती नाही, म्हणून बाहेरून कसं दिसतं ते सांगते. आमच्या मनातला पहिला प्रश्न असतो, मदतीमागे अट आहे का? आजाऱ्याला भेटायला आलेल्या माणसाने निघताना उशाशी पत्रक ठेवलं, की आधीची सगळी विचारपूस त्या पत्रकासाठीच होती असं वाटतं. पुढच्या वेळी घरचे दार उघडत नाहीत. मनातून यायचं तर काहीही मागू नका.

जुना_सभासद
अट नकोच, ताई. माझाही तिला विरोध आहे. पण 'हे का करता?' असं कुणी विचारलं तर येशूचं नाव गिळून टाकायचं का? ती लबाडीच होईल.

काठावरून
विचारल्यावर जरूर सांगा. न विचारता नको.

तेलवात
१९५३ मध्ये चॅड वराह या अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या) पाळकांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, लंडनमध्ये आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी फोनसेवा सुरू केली. भेटायला आलेले लोक ताटकळत, तेव्हा स्वयंसेवक त्यांच्याजवळ बोलत बसत. पुष्कळांना तेवढ्यानेच हलकं वाटे, पाळकांना भेटायची गरजच उरत नसे. लवकरच ऐकण्याचं काम स्वयंसेवकांकडेच गेलं. धर्मोपदेश करायचा नाही, हा नियम. प्रत्येक मंडळीत चांगलं ऐकणारी चार माणसं असतातच, पण आपण त्यांना खुर्च्या मांडायला लावतो.

जुना_सभासद
काम मोलाचं, वाद नाही. पण ती संस्था आज धर्मनिरपेक्ष आहे. चर्चने लावलेलं रोप चर्चचं राहिलं नाही, हे तुम्हाला चालतं?

तेलवात
हो, चालतं. फोन करणाऱ्याचा जीव वाचतो ना?

जुना_सभासद
मला नाही चालत. जीव वाचलेल्या माणसाला रविवारी येऊन बसायला जागाही हवी, आणि ती मंडळीच देऊ शकते. मात्र समितीत बाहेरची माणसं घ्यायचा मुद्दा मी आमच्या वडीलमंडळींपुढे, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्यांपुढे, मांडणार आहे. तो पटला.