किडनी कोण खातं, विषाणू की आपलीच प्रतिकारशक्ती?

नितळ
काल एक पोस्ट वाचली आणि तेव्हापासून डोकं तापलंय. मजकूर साधारण असा: 'गंभीर विषाणूसंसर्गात विषाणू किडनीला हातही लावत नाही. आपलीच प्रतिकारशक्ती पिसाळते आणि किडनी खाते. म्हणून ताप आला की पहिल्याच दिवशी स्टेरॉइड सुरू करा.' खाली धन्यवादांची रांग.

प्रतिकारशक्तीचा हात असतो, मान्य. पण सगळं तिच्या माथी मारता येत नाही. बीपी पडलेला, रक्तात ऑक्सिजन कमी, वरून व्हेंटिलेटरचा छातीतला दाब, त्यामुळे हृदयाकडे परतणारं रक्त घटलेलं. किडनीतल्या नलिकांच्या पेशी अखंड राबतात, त्यांना ऑक्सिजनची तूट सोसत नाही. कोविडमध्ये दगावलेल्यांच्या शवविच्छेदनांत सर्वांत जास्त दिसली ती या नलिकांचीच इजा. न्यूयॉर्कमधल्या 5,449 दाखल रुग्णांचा अभ्यास 2020 साली आला. सुमारे 37 टक्क्यांच्या किडनीला इजा झाली होती. व्हेंटिलेटरवरच्यांत हे प्रमाण 90 टक्क्यांच्या आसपास, बाकीच्यांत 22. नुसत्या प्रतिकारशक्तीवर बोट ठेवून हा फरक कसा समजावणार?

आणि ते 'पहिल्याच दिवशी'. कोविडवरच्या औषधांच्या रिकव्हरी चाचणीत डेक्सामेथासोन, म्हणजे प्रतिकारशक्तीला लगाम घालणारं स्टेरॉइड, दिल्यावर व्हेंटिलेटरवरच्यांचे 28 दिवसांतले मृत्यू 41.4 वरून 29.3 टक्क्यांवर आले. पण ज्यांना ऑक्सिजनच लागत नव्हता त्यांच्यात? औषध दिलेल्यांत 17.8, न दिलेल्यांत 14.0. हा फरक योगायोगाचा असू शकतो, पण फायदा दिसला नाही हे नक्की. विषाणू जोरात वाढत असतानाच पहारेकऱ्याला झोपवायचं, हा कसला सल्ला?

आडवाट
स्टेरॉइडच्या वेळेबद्दल सहमत. बाकी असहमत, आणि ठामपणे.

हंताव्हायरस घ्या. कोरियन युद्धात तीन हजारांवर सैनिकांना रक्तस्रावासह ताप आला, लघवी बंद झाली. हा विषाणू ज्या पेशींत शिरतो त्यांना सहसा मारत नाही. तरी केशवाहिन्या गळायला लागतात, लघवीतून प्रथिनं जातात, किडनी बसते, आणि त्यात आपल्याच टी-पेशींचा, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या सैनिकांचा, मोठा वाटा असल्याचं मानलं जातं. कोविडमध्येही एपीओएल1 जनुकाचे ठराविक प्रकार असलेल्यांत किडनीची गाळणी कोसळते, आणि ते जनुक चेतवतं कोण? इंटरफेरॉन, म्हणजे आपलंच हत्यार.

शिवाय रिकव्हरीत डेक्सामेथासोन घेतलेल्यांना डायलिसिस कमी लागलं, प्रतिकारशक्ती आवरणाऱ्या टोसिलिझुमॅब या औषधाच्या गटातही तेच. दाह, म्हणजे प्रतिकारशक्तीचा भडका, आवरला की किडनी वाचते, हे तुम्ही आणलेल्या चाचणीतच आहे. ते का गाळलंत?

नितळ
गाळलं नाही, लांबण नको म्हणून थांबलो. दाह आवरल्यावर फुप्फुस सावरतं, व्हेंटिलेटर टळतो, आणि त्यामुळेही किडनी वाचते. थेट किडनीतला दाह किती कमी झाला हे त्या आकड्यांवरून कळत नाही. शिवाय दाह वाढवणारा रेणू आयएल-6 कोविडमध्ये असतो, पण कर्करोगावरच्या कार-टी पेशी-उपचारानंतरच्या प्रतिक्रियेत दिसतो त्यापेक्षा कितीतरी कमी असतो.

हंताचं मात्र मान्य. तो एक विषाणू तुमच्या बाजूने. त्यावरून सगळ्या विषाणूंचा निकाल लागत नाही.

काठावरची
तुमचं आयएल-6 चालू द्या. माझे वडील गेले ते डायलिसिस उशिरा लावल्यामुळे. किडनी बसली की रक्तात साचणारं क्रिएटिनिन रोज चढत होतं आणि रोज एकच उत्तर, 'अजून थांबू'. कशासाठी थांबायचं? मशीन शेजारच्या खोलीत होतं! यावर कोणी लिहीत नाही, सगळ्यांना रेणूंची नावं घ्यायची हौस.

रातपाळी
ताई, वडिलांचं वाचून वाईट वाटलं. मी आयसीयूत नर्स आहे, म्हणून लिहिते. थांबणं म्हणजे दुर्लक्ष असेलच असं नाही. डायलिसिस कधी लावावं हे बघणारी 2020 ची स्टार्ट-एकेआय चाचणी तीन हजारांवर रुग्णांवर झाली. लवकर डायलिसिस लावलेल्यांत 90 दिवसांतले मृत्यू 43.9 टक्के, थांबलेल्यांत 43.7. उलट लवकर लावलेल्यांतले जे जगले, त्यांच्यापैकी जास्त जण पुढेही डायलिसिसवर अडकले, 10.4 विरुद्ध 6 टक्के. मशीनवर बीपी पडतो आणि आधीच दुखावलेल्या किडनीला रक्त आणखी कमी मिळतं.

काठावरची
आकडे नकोत मला. तुम्ही त्या खोलीत नव्हता. पोटॅशियम वाढलं होतं, पायाला सूज होती, श्वास लागत होता. तेव्हाही 'थांबू'?

रातपाळी
नाही, तेव्हा नाही. पोटॅशियम औषधांनी उतरत नसेल, फुप्फुसात पाणी भरत असेल, रक्त आम्लधर्मी होत असेल, तर थांबायचं नसतं. त्या चाचणीतही अशांना थांबवलं नव्हतं. असंच झालं असेल तर तुमचा राग रास्त आहे.

पण सगळे क्रिएटिनिन धरून बसतात त्याचा मला राग येतो. किडनी थंडावली तरी ते चढायला दिवस-दोन दिवस घेतं. आधी बोलते ती लघवी. युरोबॅगच्या, म्हणजे लघवी जमा होणाऱ्या पिशवीच्या, वर छोटा मोजपट्टीचा डबा असतो. तासातासाला तो वाचायचा, लिहायचा, रिकामा करायचा. साठ किलोच्या माणसाचे तासाला 30 मिली हवेत. रात्री दोनला 25, तीनला 15, चारला तळाशी चहाच्या रंगाचे चार थेंब. सकाळच्या रिपोर्टात क्रिएटिनिन अजून 1.1, आणि राउंडवर कोणीतरी म्हणतं, किडनी ठीक आहे! सहा तासांचा तक्ता पुढे धरावा लागतो.

विनाकारण
आणि पेनकिलर? तापात अंग दुखतं म्हणून डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनवर आयबुप्रोफेन, पाणी पोटात ठरत नाही, त्यात बीपीची गोळी चालूच. किडनीत रक्त आणणारी धमनी या पेनकिलरनी आवळते. आमच्या काकांची किडनी अशीच गेली, विषाणूचं नाव झालं. लिहा ना यावर!

आडवाट
हा वेगळा विषय आहे.

विनाकारण
वेगळा कसा? कोण खातं विचारलंत, मी सांगितलं.

नितळ
यांचं बरोबर आहे. मूळ पोस्टमध्ये औषधांचा उल्लेखच नव्हता. आयसीयूतली व्हॅन्कोमायसिन, कोलिस्टिन ही प्रतिजैविकंही त्याच यादीत येतात, कधी देण्यावाचून इलाज नसतो.

आडवाट
ठीक, औषधं जोडा, बीपी जोडा. यादी कितीही वाढवा, दाह त्यातून वगळू देणार नाही. आणि दाह गाळून काढतो म्हणत फिल्टर विकणाऱ्यांवरही लिहा. सायटोसॉर्ब या फिल्टरची 2021 ची छोटी चाचणी बघा, एक्मोवरचे, म्हणजे शरीराबाहेर रक्ताला ऑक्सिजन देणाऱ्या यंत्रावरचे, 17-17 कोविड रुग्ण. फिल्टर लावलेल्यांत 30 दिवसांनी 18 टक्के जिवंत, न लावलेल्यांत 76. सायटोकाइन, म्हणजे आयएल-6 सारखे प्रतिकारशक्तीचे निरोपे रेणू, सरसकट उपसले की काय होऊ शकतं ते त्यात दिसतं.

नितळ
म्हणजे सगळे सायटोकाइन शत्रू नाहीत. मी सकाळपासून तेच सांगतोय.

आडवाट
तेवढ्यापुरतं सहमत. तेवढ्यापुरतंच.

काठावरची
रातपाळी, एक विचारते. भाऊही त्याच वेळी दाखल होता. त्याची किडनी सावरली, घरी सोडलं, पुन्हा काही तपासायला सांगितलं नाही.

रातपाळी
साधारण तीन महिन्यांनी क्रिएटिनिन आणि लघवीतली प्रथिनं, दोन्ही तपासतात. राहून गेलं असेल तर आता करून घ्या. पेनकिलर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, आणि पुढे कधीही दाखल व्हायची वेळ आली तर 'याआधी किडनी दुखावली होती' हे सर्वांत आधी सांगा.