एक लाइनमन जायबंदी झाल्याने संपूर्ण आक्रमण का विस्कटते?

प्रश्न (रत्नागिरी) :
भाचा अमेरिकेत शिकायला गेल्यापासून त्याच्या विद्यापीठाचे अमेरिकन फुटबॉलचे सामने मी रविवारी पहाटे उठून पाहतो. गेल्या आठवड्यात त्यांचा लेफ्ट टॅकल, म्हणजे आक्रमणाच्या पुढच्या फळीतला डाव्या टोकाचा लाइनमन, गुडघा दुखावून बाहेर गेला. ज्याच्या हाती चेंडू सहसा येतच नाही, असा एक गडी गेल्याने सुरळीत चाललेले आक्रमण इतके का विस्कटावे? जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद (चिपळूण) :
मधला सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंचे गार्ड आणि टोकांचे टॅकल अशी ही प्रतिस्पर्ध्यांना अडवणारी पाच जणांची फळी, म्हणजे लाइन, असते. उजव्या हाताने पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची (आक्रमणाची सूत्रे हलवणाऱ्या गड्याची) पाठ फेकीच्या वेळी डावीकडे होते आणि ती बाजू लेफ्ट टॅकल राखतो. तिथे नवखा आला की त्याच्या मदतीला बहुधा टाइट एंड (फळीच्या टोकाशी उभा राहून पासही घेणारा गडी) किंवा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा गडी) मागे ठेवावा लागतो. साहजिकच पास घ्यायला धावणारा एक जण कमी होतो आणि वेळ खाणारे लांबचे पास आखणीतूनच गळतात. कधी गार्डला टॅकलच्या जागी सरकवतात, तेव्हा गडी एक जातो, पण जागा दोन बदलतात. व्यावसायिक संघ मोसमाच्या मध्येही बाहेरून अनुभवी खेळाडू घेऊ शकतो. महाविद्यालयाला मात्र आपल्याच राखीव मुलांवर भागवावे लागते.

प्रतिसाद (अलिबाग) :
हे खरेच आहे, परंतु माझ्या मते मोठे नुकसान मेळाचे होते. मी बरीच वर्षे कबड्डीत डावा कोपरा सांभाळला. साखळीत शेजारच्या गड्याची बोटे माझ्या मनगटावर आवळली की तो झेपावणार, हे मला त्याच्याकडे न पाहता कळायचे. एकदा ऐन स्पर्धेच्या तोंडावर त्याचा खांदा निखळला. बदली आलेला गडी अंगापिंडाने अधिक दणकट होता. तरी तो झेपावला तेव्हा मी जागीच उभा होतो आणि चढाईपटू आम्हा दोघांमधून निसटला. लाइनवरही समोरचे दोघे वाटा बदलून घुसतात, ज्याला स्टंट म्हणतात, तेव्हा गार्ड आणि टॅकल यांना आपापला प्रतिस्पर्धी क्षणार्धात एकमेकांकडे सोपवावा लागतो. महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोत्तम लाइनसाठीचा ‘जो मूर’ पुरस्कार २०१५ पासून एकट्यादुकट्याला न देता अख्ख्या फळीला दिला जातो, हे मला फार योग्य वाटते.

प्रश्नकर्ता (रत्नागिरी) :
आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. सामन्याचे चित्रण आज पुन्हा पाहिले. क्वार्टरबॅक ज्या खेळीत पाडला गेला, तिच्यात गार्ड आणि नवा टॅकल दोघेही एकाच गड्याला भिडले होते आणि दुसरा त्यांच्या बाजूने मोकळाच आत शिरला होता.