मदत हवी आहे: वडिलांच्या शेतीच्या कागदावर सोमवारी सही करायची आहे, करू की नको?

मखमलाबादची_ताई (शुक्रवार, रात्री ९.४०)
नमस्कार. घाईत लिहितेय. दिंडोरी तालुक्यात वडिलांची शेती आहे, द्राक्षबाग. भावाचा फोन आला की सोमवारी दिंडोरीला रजिस्ट्रार ऑफिसला ये, हक्कसोडवर, म्हणजे आपला हिस्सा सोडून देण्याच्या कागदावर, सही करायची आहे. सही केली तर पुढे काही त्रास होतो का? नाही केली तर भाऊ एकटा जमीन विकू शकतो का? सातबाऱ्यावर माझं नाव नाहीच, मग माझी सही कशाला लागते तेही कळत नाही. वकील असतील त्यांनी कृपया लगेच सांगा, मध्ये दोनच दिवस आहेत.

गंगाघाट (रात्री ९.५५)
ताई, वडील आहेत का? आई? भावंडं किती? जमीन वडिलांनी घेतलेली की आजोबांची? मृत्युपत्र आहे का? हे माहीत नसेल तर कुणीच काही सांगू शकणार नाही.

निफाडचा_अण्णा (रात्री १०.०२)
लग्न कधी झालं ते आधी सांगा. १९९४ च्या आधी झालं असेल तर मुलीला वडिलोपार्जितात हक्क नाही. आमच्या चुलत बहिणीच्या वेळी आम्हाला वकिलाने स्पष्ट सांगितलं होतं.

मखमलाबादची_ताई (रात्री १०.१०)
वडील २०१९ ला गेले. आई गावाकडे भावाजवळ असते. मी, धाकटी बहीण आणि भाऊ. जमीन आजोबांकडून आलेली, काकांचं वाटप १९८८ सालीच होऊन त्यांचा गट वेगळा आहे. मृत्युपत्र नाही. माझं लग्न १९९३ चं. म्हणजे हक्कच नाही का? मग सही कशाला?

कोर्टरोड_वकील (रात्री १०.४१)
थांबा. अण्णांनी सांगितलं ते महाराष्ट्राच्या १९९४ च्या दुरुस्तीचं. त्यात आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या हे खरं. पण ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्याचं कलम ६ केंद्राने बदललं आणि मुलगी जन्माने सहदायाद झाली, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखीच जन्मापासून हक्कदार. तिचं लग्न कधी झालं, हा प्रश्न त्यात उरत नाही. ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात सुप्रीम कोर्टाने तेच पक्कं केलं, वडील २००५ साली हयात असले पाहिजेत हीसुद्धा अट नाही. काकांचं वाटप १९८८ चं आहे, त्याला आता कुणी हात लावू शकत नाही. पण तुमच्या वडिलांच्या वाट्यात तुम्ही आहातच.

आणि वडिलोपार्जित की स्वकष्टार्जित, यावर इथे पुढे दहा पानं भांडण होईल, म्हणून आत्ताच सांगतो, तुमच्या घरात दोन्हीकडून उत्तर एकच येतं. वडिलोपार्जित धरली तर वडील, आई, भाऊ, तुम्ही दोघी असे पाच वाटे. वडिलांचा पाचवा हिस्सा पुन्हा चौघांत. १/५ अधिक १/२० म्हणजे १/४. स्वकष्टार्जित धरली तर मृत्युपत्र नसल्यामुळे आई आणि तीन मुलं असे चौघे सारखे वारस, तिथेही १/४.

सातबारा कुठल्या सालचा पाहिलात?

मखमलाबादची_ताई (रात्री १०.५०)
घरात झेरॉक्स आहे, २०१७ ची. त्यावर फक्त वडिलांचं नाव.

कोर्टरोड_वकील (रात्री १०.५३)
तो वडील असतानाचा झाला, त्यावर तुमचं नाव असणारच नाही. डिजिटल सातबारा काढा, १५ रुपये लागतात, घरबसल्या निघतो. सोबत ८अ (खातेउतारा) आणि वडिलांच्या नंतरचा फेरफार, म्हणजे नावबदलाची नोंद. इतर हक्काच्या रकान्यात बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, आहे का तेही बघा.

बागायतदार_मोहाडी (रात्री ११.१५)
ताई, मी शेतकरी आहे, वकील नाही. सही करून मोकळं व्हा असं मी म्हणेन. माझ्या दोन्ही बहिणींनी एक रुपया न घेता हक्कसोड करून दिलं. आज दर भाऊबीजेला घर भरतं. बाग उभी करायला एकरी किती पैसा जातो हे नाशकात फ्लॅटमध्ये बसून समजत नाही. गेले दोन हंगाम पावसाने मणी तडकले, व्यापारी पैसे बुडवून पळाले. भाऊ हौसेने विकत नसेल.

सिडको_रेखा (रात्री ११.२२)
मोहाडीकर दादा, तुमच्या बहिणींनी स्वतःहून दिलं असेल तर त्यांचं मन मोठं. पण वाचू न देता सोमवारी ये आणि सही कर, हे मागणं वेगळं आहे. मी २०१५ ला अशीच सही केली. नंतर आईला औषधाला पैसे लागले तेव्हा माझ्या हातात काहीच नव्हतं. ताई, उद्याच दावा टाका, मनाई हुकूम घ्या.

बागायतदार_मोहाडी (रात्री ११.३०)
दावा टाकला की वीस वर्षं गेली. वाटपाचे दावे आमच्या गावात आजोबांपासून नातवापर्यंत चालू आहेत.

कोर्टरोड_वकील (रात्री ११.३८)
अजून कागद कुणी पाहिला नाही आणि दाव्यापर्यंत पोहोचलो. ताई, भावाकडून मसुद्याचा फोटो मागवा, सगळ्या पानांचा. आधी सातबारा, मग मसुदा, मग बोलू.

इंदिरानगर_आयटी (शनिवार, सकाळी ७.४८)
विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, फ्लॅटमध्ये नॉमिनी लावला म्हणजे तो मालक होत नाही. सोसायटी नॉमिनीला फक्त तात्पुरता सभासद करून घेते, मालकी वारसांचीच राहते. माझ्या सासूबाईंच्या वेळी सगळे याच गैरसमजात होते. सगळ्यांनी मृत्युपत्र करून ठेवा, त्याला स्टॅम्प लागत नाही, दोन साक्षीदार पुरतात.

गंगाघाट (सकाळी ८.०५)
बरोबर आहे, पण इथे फ्लॅटचं कुणी विचारलेलं नाही.

मखमलाबादची_ताई (सकाळी ९.३०)
सातबारा काढला. माझं नाव आहे! आई, भाऊ, मी, बहीण, चौघांची नावं, क्षेत्र १ हेक्टर ४० आर. वारस नोंद २०२० ची. मला कुणी सांगितलंच नाही. इतर हक्कात गावच्या पीककर्ज सोसायटीचा आणि एका बँकेचा बोजा आहे. रात्रभर मी हक्क नाही असंच धरून बसले होते. ही नोंद कुणी केली असेल?

बागायतदार_मोहाडी (सकाळी ९.४१)
भावानेच केली असणार. वारस लागल्याशिवाय सोसायटीचं कर्ज नावावर मिळत नाही. म्हणजे त्याने तुमची नावं लपवली नाहीत, हेही लक्षात घ्या.

कोर्टरोड_वकील (सकाळी १०.२०)
मोहाडीकरांचा मुद्दा योग्य आहे. वारस अर्जात सगळ्यांची नावं द्यावी लागतात आणि त्याने दिली. आता तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. भाऊ एकटा विकू शकतो तो फक्त त्याचा अविभक्त चौथा हिस्सा. पूर्ण गट विकायचा तर चौघांच्या सह्या हव्यात. तुमच्या हिश्शाला साधारण ३५ आर येतात. एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. एका वारसाने हिस्सा बाहेर विकायचा ठरवला तर हिंदू वारसा कायद्याच्या कलम २२ प्रमाणे बाकीच्या वारसांना तो आधी घेण्याचा हक्क असतो, आणि तो शेतजमिनीलाही लागू आहे हे सुप्रीम कोर्टाने २०१९ ला सांगितलं आहे.

मसुदा आला का?

निफाडचा_अण्णा (सकाळी १०.३५)
१९९४ बद्दल माझी माहिती जुनी निघाली, मान्य. पण सातबाऱ्यावर नाव आहे म्हणजे मालकी झाली असंही नाही ना? आमच्याकडे तलाठ्याने एकाचं दुसऱ्यालाच लावलं होतं.

कोर्टरोड_वकील (सकाळी १०.४४)
बरोबर, फेरफार महसुलासाठी असतो, त्याने मालकी येत नाही आणि जातही नाही. उलट सिद्ध होईपर्यंत नोंद खरी धरतात, इतकंच. नोंद चुकीची असेल तर प्रांतांकडे अपील, मुदत ६० दिवस, उशीर झाला तर विलंब माफीचा अर्ज. ताईंच्या बाबतीत नोंद बरोबर आहे, तो रस्ता लागणार नाही.

पंचवटी_भाडेकरू (सकाळी ११.१०)
वकीलसाहेब, घरमालक ४० हजार डिपॉझिट देत नाही, करार साध्या स्टॅम्पवर आहे, नोंदणी नाही. काय करू?

कोर्टरोड_वकील (सकाळी ११.१६)
करार नोंदवणं ही भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे मालकाची जबाबदारी आहे, त्यामुळे घाबरू नका. पैसे बँकेतून दिले असतील तर तो पुरावा. आधी लेखी नोटीस द्या. पुढचं वेगळ्या धाग्यात विचारा.

मखमलाबादची_ताई (दुपारी १.०५)
मसुदा आला. भाचीने फोटो पाठवले. वर हक्कसोड असं कुठेच नाही, "कुलमुखत्यारपत्र" लिहिलंय. भाऊ मुखत्यार. आत आहे की मिळकत विकण्याचा, खरेदीखतावर सही करण्याचा, भरणा घेऊन पावती देण्याचा अधिकार. भाचीने सांगितलं की आईचा अंगठा गेल्याच आठवड्यात घेतला. आणि भावाने एका माणसाकडून विक्रीचा इसार (आगाऊ रक्कम) घेतलाय. आता काय?

सिडको_रेखा (दुपारी १.१२)
म्हटलं होतं ना!

इंदिरानगर_आयटी (दुपारी १.२०)
काळजी नको. कुलमुखत्यारपत्रावर जमिनीची विक्री होतच नाही, सुप्रीम कोर्टाने २०११ मध्येच सांगितलंय. सही केली तरी जमीन जाणार नाही.

कोर्टरोड_वकील (दुपारी १.५०)
हे वाचून कुणी सही करेल, म्हणून ठाम लिहितो. २०११ चा निकाल असा आहे की नुसतं मुखत्यारपत्र हातात आलं म्हणून घेणारा मालक होत नाही. पण मुखत्यार तुमच्या वतीने नोंदणीकृत खरेदीखत करून देऊ शकतो, आणि ते खरेदीखत चांगलं असतं. ताईंनी आणि बहिणीनेही सही केली तर भाऊ दुसऱ्या दिवशी चौघांचा गट एकट्याच्या सहीने विकू शकेल आणि पैसेही त्याच्याच हातात येतील.

हक्कसोड वेगळं. त्यात हिस्सा भावाच्या नावावर जातो, ते नोंदणीकृतच लागतं, नोटरीवर भागत नाही, आणि एकदा झालं की मागे घेणं फार अवघड. त्यात आणखी एक गोष्ट, सगळी शेती सोडली की शेतकरी असल्याचा पुरावा उरत नाही. महाराष्ट्रात बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही, मुलांना पुढे घ्यायची असेल तर अडतं.

आईच्या कागदाची नोंदणी झाली का ते सोमवारी दुय्यम निबंधकांकडे विचारा. झाली असेल तर तिच्या इच्छेने रद्दलेख नोंदवता येतो, भावाला आणि इसार देणाऱ्याला लेखी कळवायचं. वर्तमानपत्रात जाहीर नोटीसही देतात, पण ते शेवटी, कारण गाव वाचतं.

बागायतदार_मोहाडी (दुपारी २.१५)
मी काल सही करा म्हटलं, ते हक्कसोड समजून. मुखत्यारपत्रावर माझ्या बहिणीला मी सही करू दिली नसती. पण ताई, भावावर कर्ज किती आहे ते विचारलंत का? इसार घेणारा माणूस कोपऱ्यात सापडलेला असतो.

मखमलाबादची_ताई (रात्री ९.२०)
बोलले त्याच्याशी. आधी चिडला, मग रडला. सोसायटी, बँक आणि औषध दुकानाची उधारी मिळून साडेअकरा लाख. इसार दोन लाखांचा, तो व्याजातच गेला. म्हणाला, तुम्हाला सांगायला तोंड नव्हतं, वाटपाचं विचाराल ही भीती. माझा भाऊ आहे, लहानपणी मला सायकलवर शाळेत सोडायचा. त्याने बुडावं असं मला वाटत नाही. पण आई त्या जमिनीवरच जगते आणि तिला कसला अंगठा दिला तेही माहीत नव्हतं. ती म्हणाली, पिकविम्याचा कागद आहे असं मला वाटलं.

कर्जापुरती जमीन विकून बाकी ठेवता येते का?

कोर्टरोड_वकील (रात्री ९.५८)
येते. चौघांनी मिळून ठराविक क्षेत्राचं खरेदीखत करा, सह्या प्रत्येकाने स्वतः, मुखत्यारपत्र नको. बोजा आहे म्हणून बँक आणि सोसायटीचा ना हरकत दाखला लागेल, रक्कम थेट कर्जखात्यात भरायची. तुकडेबंदी बघा, म्हणजे किमान क्षेत्राहून लहान तुकडा विकता येत नाही, बागायताला किमान १० गुंठे (साधारण १० आर). इसार देणाऱ्याला विचारा, त्याला कमी क्षेत्र चालतं का. नसेल तर इसार परत करायची मुदत लेखी ठरवा. उरलेल्याचं वाटप करायचं तर सगळे राजी असताना तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ चा अर्ज करता येतो, कोर्टात जावं लागत नाही.

आणि पैशासाठी वकील अडत असेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना उत्पन्नाची अट नाही, मोफत वकील मिळतो. आईलाही. फोन १५१००.

सिडको_रेखा (रात्री १०.१०)
हे मला २०१५ ला कुणी सांगितलं नाही. ताई, जाताना बहिणीला बरोबर घ्या, एकटी जाऊ नका.

पंचवटी_भाडेकरू (रात्री १०.३०)
वेगळा धागा काढलाय, वकीलसाहेब बघा ना.

मखमलाबादची_ताई (सोमवार, सायंकाळी ६.१५)
दिंडोरीला जाऊन आले, बहीण आणि आई बरोबर होत्या. सही केली नाही. आईचा कागद फक्त नोटरीचा निघाला, नोंदणी झालेली नाही. भावाने तो आमच्यासमोर परत दिला. घेणारा माणूसही आला होता, ४० आर चालतील म्हणाला, दराचं अजून ठरलं नाही. बुधवारी बँकेत ना हरकतीसाठी जायचंय. वकीलसाहेब, बँकेत चौघांनी जायचं की भाऊ एकटा चालेल? आईला गुडघ्यामुळे जिना चढवत नाही.

कोर्टरोड_वकील (सायंकाळी ७.००)
कर्ज भावाच्या नावावर असेल तर अर्ज तो एकटा देऊ शकतो. तुम्ही मात्र थकबाकीच्या आकड्याची लेखी प्रत मागून घ्या. खरेदीखताच्या दिवशी आईला घरीच ठेवायचं असेल तर नोंदणीसाठी घरी भेट देण्याचा अर्ज दुय्यम निबंधकांकडे करता येतो, त्याची फी वेगळी असते. डॉक्टरांचा दाखला जोडा. आणि आईच्या त्या नोटरीच्या कागदाची मूळ प्रत घेतलीत ना? झेरॉक्स नाही, मूळ.

मखमलाबादची_ताई (सायंकाळी ७.०८)
मूळच आहे. माझ्या कपाटात ठेवलीय.