जॅक्सन हाइट्समधल्या शंभर वर्षं जुन्या को-ऑपमध्ये घर घ्यावं का? मदत हवी आहे

नमस्कार,

न्यूयॉर्कमध्ये, विशेषतः क्वीन्समध्ये, जुन्या को-ऑपमध्ये (म्हणजे इमारत कंपनीची, रहिवासी तिचे शेअरधारक) राहणाऱ्यांचा सल्ला हवा आहे. शुक्रवारपर्यंत वकिलांना हो किंवा नाही कळवायचं आहे आणि घरात आमचं एकमत होत नाहीये.

आम्ही सात वर्षं जॅक्सन हाइट्समध्ये भाड्याने राहतोय. मी, नवरा, पाच वर्षांची मुलगी आणि दर उन्हाळ्यात पाच-सहा महिने माझी आई. पसंत पडलेलं घर १९२०च्या दशकातल्या इमारतीत आहे. दोन बेडरूम, इथला तिसरा म्हणजे आपल्याकडचा दुसरा मजला, लिफ्ट नाही. किंमत ५,४०,००० डॉलर, मेंटेनन्स महिना १,१५० डॉलर. त्यात मालमत्ता कर, हीटिंग आणि पाणी आलं. आम्ही पाहिलेल्या नव्या काँडोंमध्ये (जिथे फ्लॅट थेट आपल्या मालकीचा होतो) एवढ्या पैशांत दुसरी बेडरूम कुठेच मिळाली नाही.

पण खरं सांगायचं तर मी अडकले ती बागेत. रस्त्यावरून नुसती विटांची इमारत दिसते. मागच्या दाराने बाहेर पडलं की इमारतींच्या दोन ओळींच्या मधोमध, ब्लॉकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत झाडं. अशा बागा इथे आहेत हे ऐकून होते, आत पाऊल कधी टाकलं नव्हतं. त्याच फुटपाथवरून रोज ७४व्या रस्त्याच्या स्टेशनवर जाते, तरी ट्रेनचा एवढा खडखडाट आत येत नसेल असं वाटलं नव्हतं.

नंतर वाचत बसले. क्वीन्सबरो पूल १९०९ मध्ये सुरू झाला, १९१७ मध्ये उन्नत रेल्वे इथवर आली, आणि एडवर्ड मॅकडूगल यांच्या क्वीन्सबरो कॉर्पोरेशनने शेतजमिनीवर हे उपनगर वसवलं. जमिनीच्या कडेने घरं बांधायची आणि मधला भाग मोकळा ठेवायचा, ही त्यांची पद्धत. १९१९च्या सुमारास ही घरं को-ऑप म्हणून विकायला सुरुवात झाली. मात्र त्या काळी ज्यू आणि कृष्णवर्णीयांना इथे घर मिळत नसे. ज्या बागेने मला भुरळ घातली, ती निवडक लोकांसाठीच लावलेली होती. आज त्याच गल्ल्यांत बंगाली, कोलंबियन, तिबेटी, पंजाबी सगळे राहतात. तरी घर घेण्याच्या मंजुरीसाठी को-ऑपच्या बोर्डासमोर मुलाखतीला जायचं म्हटलं की हा इतिहास माझ्या डोक्यातून जात नाही.

मुलाखतीचं मला विचित्र वाटण्याचं आणखी एक कारण आहे. माझे बाबा डोंबिवलीच्या सोसायटीत बारा वर्षं सेक्रेटरी होते. शेअर सर्टिफिकेट, सिंकिंग फंड, एजीएममधली भांडणं हे सगळं बघत मोठी झाले. पण आपल्याकडे सोसायटीला सबळ कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. इथे बोर्डाला नकाराचं कारणही द्यावं लागत नाही. वंश, धर्म, मूळ देश यांवरून भेदभाव करायला कायद्याने बंदी आहे, पण कारणच सांगितलं नाही तर माणसाने सिद्ध काय करायचं? दोन वर्षांचे टॅक्स रिटर्न, बँकेची स्टेटमेंटं, ओळखीच्यांची पत्रं, असा जाडजूड गठ्ठा तयार करायचा आणि मग वाट बघायची.

नवऱ्याचं म्हणणं वेगळं आहे. "एवढे पैसे भरून घर आपलं होणारच नाही. आपण कंपनीचे शेअर घेणार आणि कंपनी आपल्याला लीज देणार." पहिली दोन वर्षं घर भाड्याने देता येणार नाही, त्यानंतरही जास्तीत जास्त दोनच वर्षं. उद्या त्याची नोकरी दुसऱ्या राज्यात गेली तर? विकताना किमतीच्या दोन टक्के को-ऑपला द्यावे लागतील. घरात वॉशिंग मशीन चालणार नाही, तळघरातली सामायिक वापरायची. आणि बागेत चेंडू, सायकल दोन्हींना मनाई! हे वाचून मी खट्टू झाले. ३४व्या ॲव्हेन्यूवरचा वाहनांसाठी बंद केलेला रस्ता जवळ आहे, मुलगी तिथेच सायकल शिकली, म्हणून तेवढं चालवून घेईन.

आईचा गुडघा दुखतो. जिन्याचा विचार आला की माझंच मन मागे सरतं.

जे अशा इमारतीत खरोखर राहिले आहेत त्यांनी सांगावं: घर दाखवताना जे दिसत नाही, असं काय असतं? आणि कुठली गोष्ट कळल्यावर तुम्ही सरळ नकार दिला असता?

– मधुमालती

प्रतिसाद: रानजाई

मधुमालती, आम्ही तुमच्यापासून चार गल्ल्यांवर, अशाच इमारतीत नऊ वर्षं आहोत. दोन गोष्टी विचाराच: गॅस आणि वीज.

आमच्याकडे तळमजल्यावर कुणाला वास आला म्हणून गॅस कंपनीला बोलावलं. त्यांनी एकावर एक असलेल्या घरांच्या सगळ्या ओळीचा गॅस बंद केला. मग जुने पाइप तपासणं, बदलणं, शहराची परवानगी, पुन्हा तपासणी. आठ महिने चूल बंद होती. इंडक्शन आणली तर कुकर आणि मायक्रोवेव्ह एकत्र लावले की फ्यूज उडायचा, कारण घराला येणारी वीज जुन्या काळाच्या हिशोबाची. दोन्ही पाइप-वायरिंग कधी बदललं ते बोर्डाकडून लेखी घ्या. ते झालेलं नसेल तर खर्च पुढे येणारच आहे, आणि तो तुमच्या नावावर येईल.

हीटिंग वाफेचं असतं. जानेवारीत आम्ही खिडकी उघडी ठेवून झोपतो, घरात तापमान कमी-जास्त करायची सोय नाही.

एवढं असूनही घर विकायचा विचार कधी केला नाही. मला बाळ झालं तेव्हा शेजारच्या तीन घरांतून महिनाभर जेवण येत होतं. या देशात मला असं दुसरीकडे कुठे मिळालं नव्हतं.

प्रतिसाद: दीपमाळ

मी एका को-ऑपच्या बोर्डावर खजिनदार आहे, म्हणून त्या बाजूने लिहितो.

मेंटेनन्सचा आकडा बघून हुरळून जाऊ नका. वर्षानुवर्षं न वाढवलेला मेंटेनन्स हे मला धोक्याचं लक्षण वाटतं. दुरुस्त्या ढकलल्या जात असतात आणि मग एकदम असेसमेंट, म्हणजे मेंटेनन्सशिवायची जादा वर्गणी, येते. राखीव निधी किती आहे ते बघा. इमारतीवर स्वतःचं कर्ज असतं, त्याची मुदत कधी संपते आणि सध्याचा व्याजदर काय, हे ताळेबंदाच्या टिपांत मिळेल. स्वस्त व्याजाचं कर्ज संपून महाग कर्ज घ्यावं लागलं की मेंटेनन्स वाढतोच. तुम्ही काढाल ते कर्ज वेगळं, हे मात्र लक्षात असू द्या. त्यात एक फायदा आहे: तुमचं कर्ज शेअरवर असल्याने गहाणखताच्या नोंदणीचा कर लागत नाही. काँडोशी तुलना करताना ती रक्कम धरा.

ही वसाहत १९९३ पासून ऐतिहासिक जिल्हा आहे. घर त्याच्या हद्दीत असेल तर खिडक्या मनाला येतील तशा बदलता येत नाहीत, शहराच्या लँडमार्क्स आयोगाची परवानगी लागते. इमारतीचा खिडक्यांसाठी मंजूर मास्टर प्लॅन आहे का, हे विचारा. असेल तर काम लवकर होतं. नसेल तर एका खिडकीसाठी महिने जाऊ शकतात. आधीच्या मालकाने विनापरवाना खिडक्या बसवल्या असतील तर ते झेंगट तुमच्या गळ्यात नको, म्हणून तेही तपासायला सांगा.

इमारत २५,००० चौरस फुटांपेक्षा मोठी असेल तर लोकल लॉ ९७ हा शहराचा कायदा लागू होतो. कार्बन उत्सर्जनाची मर्यादा २०२४ पासून आहे, २०३० पासून ती कडक होते आणि जादा प्रत्येक टनामागे वर्षाला २६८ डॉलर दंड आहे. जुना तेलाचा बॉयलर असेल तर बोर्डाने काय ठरवलंय ते कळायला हवं.

या सगळ्याची उत्तरं वकील मागवतील त्या सभांच्या इतिवृत्तांत सापडतात. वकिलांकडून सारांश घेऊन थांबू नका, शक्य असेल तर स्वतः वाचा. तुमचे बाबा सेक्रेटरी होते म्हणता, म्हणजे दोन ओळींमधलं तुम्हाला कळेल.

मुलाखतीबद्दल: आम्ही बहुतेक वेळा कागदांवरूनच ठरवतो. उत्पन्नाच्या मानाने हप्ता आणि मेंटेनन्स किती, आणि व्यवहार झाल्यावर हातात किती पैसे उरतात, हे बघतो. तुमची भीती मात्र मी खोटी म्हणणार नाही. कारण देण्याची सक्ती व्हावी असं बोर्डावर असूनही माझं मत आहे.

प्रतिसाद: रानजाई

एक राहिलंच. जिन्याबद्दल आईंना विचारलंत का?

प्रतिसाद: मधुमालती

दोघांचे मनापासून आभार. काल रात्री दोन वाजेपर्यंत तीन वर्षांची इतिवृत्तं वाचली. छताचं काम झालंय, त्याची असेसमेंट मार्चमध्ये संपते. गॅसच्या पाइपांचा उल्लेख पाच सभांमध्ये आहे आणि पाचही वेळा "पुढील सभेत चर्चा". हे वाचून नवरा काही बोलला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला. वकिलांमार्फत बोर्डाला लेखी प्रश्न पाठवलाय आणि शुक्रवारऐवजी पुढच्या बुधवारपर्यंत मुदत मागितली आहे. पाइपांच्या कामाचा अंदाजित खर्च आणि तारीख मिळाली नाही तर मी बाग सोडायला तयार आहे, हे काल पहिल्यांदा मोठ्याने बोलले.

रानजाई, नव्हतं विचारलं. तुमचा प्रश्न वाचून आज फोन केला. आई म्हणाली, एकूण पायऱ्या किती आणि मध्ये टेकायला जागा आहे का ते आधी बघून ये. उद्या सकाळी जाऊन मोजते.