'सद्गती' नक्की कोणाची? पोस्टरवर एकटी स्मिता का?

घोडबंदरकर
परवा शनिवारी आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये प्रोजेक्टर लावून 'सद्गती' दाखवली. सत्यजित राय यांनी १९८१ मध्ये दूरदर्शनसाठी केलेली हिंदी टेलिफिल्म, प्रेमचंदांच्या कथेवरची, जेमतेम पाऊण-एक तासाची. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दुखी (ओम पुरी) नावाचा दलित माणूस मुलीच्या साखरपुड्याचा मुहूर्त काढून घ्यायला पंडिताकडे जातो, नुकताच तापातून उठलेला, पोटात अन्नाचा कण नाही, आणि पंडित त्याला आधी झाडायला लावतो, मग भुसा वाहायला, मग एक गाठाळ ओंडका फोडायला, आणि तो फोडता फोडता माणूस मरतो. पुढे प्रेताला हात कोण लावणार हा प्रश्न.

माझी तक्रार पिक्चरबद्दल नाहीये. लिफ्टजवळ जे पोस्टर चिकटवलं होतं त्यावर होतं "स्मिता पाटीलचा अविस्मरणीय चित्रपट", बास. रायांचं नाव खाली बारीक, ओम पुरी गायब. वर लॅपटॉपवाल्याने टायटल्स आली तशी सरळ पुढे ढकलली, "नावं काय बघायची, पिक्चर बघा" म्हणे. अरे ज्यांनी केलं त्यांची नावं वाचायला दीड मिनिट नाही आपल्याकडे? ओम पुरीशिवाय तो ओंडका नुसता ओंडका आहे राव.

पश्या_ठाणे_वेस्ट
पोस्टर मीच केलेलं, तेव्हा उत्तर देणं आलं 😄
भाऊ, पोस्टर हे माणसं खाली उतरवायला असतं. शनिवारी संध्याकाळी घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून घरी आलेला माणूस स्मिताचं नाव वाचून चप्पल घालतो. "छायाचित्रण सौमेंदू रॉय" असं मोठ्या अक्षरात लिहिलं असतं तर तू, मी आणि वॉचमन असे तिघं बसलो असतो. चाळीसेक लोक आले ना? मग.

घोडबंदरकर
आले, पण काय बघायला आले? मध्येच एक काकू विचारत होत्या स्मिता परत कधी येणार. झुरिया, म्हणजे दुखीची बायको झालेली स्मिता, सुरुवातीला आहे, मग नवरा गेला की मधला बराच वेळ पडदा दुखी आणि पंडिताचाच आहे. तू लोकांना चुकीचं तिकीट विकलंस.

कोपरीची_मावशी
मिनिटं मोजून कोणाचं काम मोठं ते ठरवणार का आता? पावसात पंडिताच्या दारात तिचा जो आक्रोश आहे ना तो काढून टाका आणि मग बोला. मी हे पहिल्यांदा पाहिलं ते चाळीत, शेजाऱ्यांच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर, मागे उभं राहून. आमच्यासाठी तेव्हा ती मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचणारी मराठी मुलगी होती, ती तिथे जमिनीवर पडून रडतेय हे बघून आई उठून आत गेली होती. ओम पुरी थोर आहेतच, 'आक्रोश' पिक्चरमध्येही हेच दोघं नवरा-बायको होते, पण म्हणून तिचं नाव मोठं छापलं तर पाप नाही.

नौपाडा_जुना
तुम्ही सगळे नटांवरच भांडताय. 'सद्गती' फक्त रायांची आहे, विषय संपला. पटकथा त्यांची, दिग्दर्शन त्यांचं, 'तीन कन्या' पासून (१९६१) आपल्या चित्रपटांचं संगीत तेच करायचे, 'चारुलता' पासून (१९६४) कॅमेऱ्यालाही स्वतः डोळा लावायचे. पोस्टरसुद्धा स्वतः काढणारा माणूस तो. बाकीचे म्हणजे चांगले हात, पण हातच. उद्या टायटल्समध्ये चहावाल्याचंही नाव वाचायला लावाल.

ऐरोली_लाइटमन
काका हात म्हणालात म्हणून लिहितोय, एरवी मी नुसता वाचतो. सिरियलच्या सेटवर लाइटमध्ये बरीच वर्षं काढली.
कॅमेरा ऑपरेट करणं वेगळं आणि लाइट करणं वेगळं. राय फ्रेम बघत होते हे बरोबर, पण फ्रेमच्या आत उजेड किती आणि कुठून ते सौमेंदूदांचं काम. आता बघा, पिक्चरचा बराचसा भाग उघड्यावर आहे, भर दिवसा. डोक्यावर ऊन असलं की माणसाच्या डोळ्यांच्या खाचा काळ्या पडतात, आम्ही तिथे खालून थर्माकोलच्या शीटने उजेड मारतो नाहीतर वर स्किमर, म्हणजे ऊन मऊ करणारं कापड, धरतो, आणि जास्त मारलं की लगेच शूटिंग केल्यासारखं दिसतं. यात ओम पुरींचा चेहरा घामाने मातीने भरलाय, तरी डोळे वाचता येतात आणि कुठेही उजेड मारल्यासारखा वाटत नाही. हे आपोआप होत नाही काका. दिवसभरात ऊन सरकतं, पिक्चरमध्ये मात्र त्याच दुपारची पुढची पाच मिनिटं दाखवायची असतात, ते जुळवताना जीव जातो. आणि हा सगळा रंग मावशींनी ब्लॅक अँड व्हाइटवर बघितला, म्हणजे कॅमेरामनची निम्मी मेहनत तिथेच बुडाली 😀

नौपाडा_जुना
मान्य, शिकलो काहीतरी. तरी माझा मुद्दा तोच. आधी कॅमेऱ्याला सुब्रत मित्र होते, मग सौमेंदू रॉय आले. कलादिग्दर्शनाला बन्सी चंद्रगुप्त होते, इथे अशोक बोस आहेत. माणसं बदलली तरी पिक्चर रायांचाच दिसतो ना? मग तो कोणाचा?

घोडबंदरकर
आणि संकलक? दुलाल दत्त 'पाथेर पांचाली' पासून शेवटपर्यंत तेच. नुसते हात असते तर ते का नाही बदलले? ती कुऱ्हाड पडते, पडते, पडते, आणि आपल्याला खुर्चीत बसवत नाही, ते कुठे कापायचं यावरच ठरलंय. एक घाव जास्त असता तर लोकांनी मोबाइल काढला असता.
दुसरं, राय बंगाली माणूस, हिंदी त्यांची भाषा नव्हे. संवादांना अमृत राय होते, प्रेमचंदांचे सुपुत्र. रायांच्याच 'शतरंज के खिलाडी' लाही संवाद शमा जैदी आणि जावेद सिद्दीकी यांचे. सगळं एकट्याने केलं असं कसं म्हणता येईल?

वाशी_खाडी
मोहन आगाशेंवर कोणीच बोलत नाहीये! पंडित घासीराम. नाटकात घाशीराम, इथेही घासीराम, काय योग आहे.

कोपरीची_मावशी
अहो नाही हो, 'घाशीराम कोतवाल' मध्ये आगाशे नाना फडणवीस होते. घाशीराम पुढ्यात नाचायचा आणि हे मजा बघायचे. इथे स्वतः घासीराम झाले आणि तरी ताकद त्यांच्याच हातात 😂 नाव मात्र प्रेमचंदांनीच ठेवलेलं आहे कथेत.

वाशी_खाडी
चुकलो, सॉरी. पण मला ते जास्त आवडले ते यासाठी की पंडित खलनायकासारखा वागतच नाही. जेवतो, आडवा होतो, उठून विचारतो झालं का फोडून. माणूस मानसोपचाराचा डॉक्टर आहे, कुठेतरी तो अभ्यास दिसतो. शेवटी पायात दोरीचा फास अडकवून प्रेत ओढताना त्याच्या चेहऱ्यावर राग नाही, नुसती अडचण आहे, घाण काढायची आहे अशी. मला रात्री झोप नाही लागली त्या सीनने.

खारेगावचा
मी जरा वेगळं बोलतो, राग नका मानू. दलित नवरा-बायकोच्या कामाला ओम पुरी आणि स्मिता, म्हणजे पुन्हा बाहेरचे. शूटिंग रायपूरकडे, तेव्हाच्या मध्य प्रदेशात, आणि तिथल्या मातीतला ठळक रोल कोणाचा, तर त्या गोंड आदिवासीचा. ते भैयालाल हेडाऊ, छत्तीसगढचे लोककलावंत, गायक. तोच एकटा दुखीशी माणसासारखा बोलतो आणि दुखी मेल्यावर वस्तीत जाऊन प्रेताला हात लावू नका म्हणून सांगतो. त्याचं नाव पोस्टरवर जाऊ दे, या धाग्यावर इतक्या प्रतिसादांनंतर येतंय.
आणि एक. शनिवारी मीही होतो. खुर्च्या लावायला हाउसकीपिंगचे दादा चारपासून आले होते, पिक्चर संपल्यावर आपण तासभर शोषणावर गप्पा मारल्या, ते दाराशी उभे, आपण कधी उठतो त्याची वाट बघत. त्यांना चहा विचारला का कोणी?

पश्या_ठाणे_वेस्ट
ए भाई, याची आता सोसायटीची एजीएम नको करूस. त्यांना ओव्हरटाइम दिलाय मी, खिशातून. चहाचं खरंच लक्षात नाही आलं, ते माझं चुकलं.
हेडाऊंचं नाव मला माहीत नव्हतं हे कबूल. पण ओम पुरी बाहेरचे म्हणून त्यांनी तो रोल करायचाच नाही हे काही पटत नाही. अंबाल्याकडचा साध्या घरातला माणूस, त्या अंगाकडे बघून तो अभिनय करतोय असं वाटतं का?

खारेगावचा
करू नये असं म्हटलंच नाही मी. मोजताना कोण राहिलं ते सांगितलं.

नौपाडा_जुना
एवढं वाचूनही मी माझ्या मतावर आहे. रायांशिवाय ही सगळी माणसं एका गावात जमलीच नसती. लाइटमनसाहेब, पुढच्या वेळी मात्र माझ्या शेजारी बसा, ते ऊन सरकण्याचं दाखवा.

ऐरोली_लाइटमन
येतो काका, शिफ्ट नसली तर. शनिवारचं कधीच सांगता येत नाही आमच्यात.

घोडबंदरकर
पश्या, पुढच्या महिन्यात टायटल्स पळवायची नाहीत, आणि पोस्टरवर निदान सहा नावं. यादी मी देतो.

पश्या_ठाणे_वेस्ट
दे. फॉन्ट मात्र मी ठरवणार, आणि स्मिता मोठीच राहणार.

कोपरीची_मावशी
आगाशेंच्या आधी डॉ. लिहा रे.