दुलातोव राहून गेला
कझाक भाषातज्ज्ञ अखमेत बायतुर्सिनोवबद्दल जे लिहिलंय ते मस्तच, पण त्यांच्यासोबत कझाक कवी मिर्झाकिप दुलातोवचं नाव यायलाच हवं होतं, १९१३ला रशियातल्या ओरेनबर्गमधून 'कझाक' पेपर दोघांनी मिळूनच सुरू केला ना. त्याआधी १९०९ला दुलातोवचा 'ओयान, कझाक!' म्हणजे 'कझाका, जागा हो!' हा कवितासंग्रह आला, झारच्या सरकारने तो जप्त केला आणि पुढे याला जेलमध्ये टाकलं. आणि हाच माणूस शाळेतल्या पोरांसाठी कझाक भाषेत गणिताचं पुस्तक लिहीत बसतो, मला हे फार मोठं वाटतं! १९२८ला सोव्हिएतांनी पकडलं, १९३५ला रशियाच्या कारेलिया भागातल्या कैद्यांच्या छावणीतच वारला बिचारा. अस्थी १९९२ला मायदेशी, कझाकस्तानात आणल्या, तब्बल ५७ वर्षांनी.