चिपळूणला छोटं पुस्तकांचं दुकान आहे, गणपती-दिवाळीला काय करू आणि कुठली पुस्तकं ठेवू?

खाडीकाठचा_पुस्तकवाला

नमस्कार मंडळी. चिपळूणला बाजारपेठेजवळ माझं पुस्तकांचं दुकान आहे, दोन वर्षं झाली. दहा बाय पंधराचा गाळा, फक्त अवांतर वाचनाची पुस्तकं, वह्या-गाईडं ठेवत नाही (सासरे रोज सांगतात ठेव म्हणून, तो विषय वेगळा).

पावसाळा म्हणजे आमच्याकडे दुकानात मी आणि कुबट वास. जून ते ऑगस्ट पुस्तकं पुसायची, बुरशी बघायची, कपाटात डांबराच्या गोळ्या टाकायच्या, दिवसाला दोन गिऱ्हाइकं, त्यातलं एक पाऊस थांबेपर्यंत उभं राहिलेलं. त्यामुळे मी सगळी आशा दिवाळीवर ठेवतो. गेल्या वर्षी उत्साहात ३० प्रकारचे दिवाळी अंक मागवले, प्रत्येकाच्या आठ-दहा प्रती. तुळशीचं लग्न झालं तेव्हा मोजले तर १२० अंक शिल्लक. ज्यांनी 'उरले तर परत घेऊ' असं तोंडी सांगितलं होतं त्यांनी नंतर फोनच उचलला नाही. लेखी घ्यायला हवं होतं, चूक माझीच. ते सगळे गठ्ठे आता माळ्यावर आहेत, २०२१ च्या जुलैतल्या पुरानंतर इथे कुणी काही खाली ठेवत नाही.

यंदा अधिक महिना आल्यामुळे सगळं लांबलंय, गणपती १४ सप्टेंबरला आणि लक्ष्मीपूजन थेट ८ नोव्हेंबरला. मधे १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन. दुकानात काहीतरी कार्यक्रम करावा असं डोक्यात आहे, एखाद्या लेखकाला बोलवावं का? आणि अंक किती, कुठले? आणि नुसतं कॅलेंडर घ्यायला आलेल्या माणसाच्या हातात कुठलं पुस्तक द्यावं म्हणजे तो परत येईल? बजेट फार नाही हे सांगायला नकोच.

परळ_ते_गुहागर

दादा, राग मानू नका पण तुम्ही पुण्या-मुंबईचं कॅलेंडर बघून धंदा करताय. आपल्याकडे दिवाळीला गावात असतं कोण? आम्ही सगळे मुंबईत, आणि अंक आम्ही दादरला स्टेशनबाहेरच घेतो. कोकणाचा सीझन म्हणजे गणपती, मग शिमगा, मग मे महिना. चाकरमानी येतो तेव्हा दुकान भरलं पाहिजे. तुमचे १२० उरले यात अंकांचा काही दोष नाही.

माझ्या घरचं सांगतो. आम्ही एकवीस माणसं पाच दिवस एका घरात. सकाळची आरती, जेवणं, झोप, संध्याकाळची आरती, भजन, आणि मधला सगळा वेळ पोरं 'रेंज नाही' म्हणून पडवीत लोळत असतात. लाईट गेली की विचारूच नका. गेल्या वर्षी माझ्या पुतणीने कपाटातलं आजोबांचं वाळवी लागलेलं पुस्तक काढून वाचलं, दुसरं काही नव्हतंच घरात. तेव्हा कुणी चिपळूणला उतरल्या उतरल्या चार पुस्तकं हातात दिली असती तर मी डोळे मिटून घेतली असती.

फक्त एक लक्षात ठेवा, जाताना आमच्या पिशव्यांत तांदूळ, नारळ, कोकमं, आईने दिलेलं काय काय असतं, वर जाड कादंबरी बसत नाही. पातळ पुस्तकं पुढे मांडा.

निवृत्त_ग्रंथपाल

परळकरांशी सहमत, थोडी भर घालते. लेखक बोलवायच्या भानगडीत पडू नका. पाहुण्यांचा प्रवास, जेवण, शाल-श्रीफळ, आणि समोर अकरा माणसं, त्यातली सात तुमच्या घरची. मी नोकरीत असताना असे कितीतरी कार्यक्रम केले, खुर्च्या मोजायची वेळ आली की पोटात गोळा यायचा.

त्यापेक्षा महिन्यातून एक संध्याकाळ नुसतं वाचन ठेवा. दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' घ्या, चैत्रापासून एकेका महिन्यावर लेख आहे, जो महिना चालू आहे तो लेख मोठ्याने वाचायचा. अर्ध्या-पाऊण तासात होतो. वाचून झाला की लोक आपोआप बोलायला लागतात, आमच्याकडे हे फूल अजून आलं नाही, हा पक्षी आम्ही वेगळ्या नावाने ओळखतो वगैरे. आमच्या वाचनालयात श्रावणाच्या वाचनाला एक आजी आघाड्याची पानं घेऊन आल्या होत्या, पुस्तक बाजूला राहिलं आणि तासभर पत्रीवर चर्चा. खर्च फक्त चहाचा.

आणि तुमच्या गावात लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर हे वाचनालय आहे, १८६४ सालचं, त्यांच्याकडे जाऊन एकदा बसा. वाचनालयामुळे दुकानाची विक्री कमी होते हा गैरसमज आहे. वाचणारी माणसं एकाच पिशवीत दोन्हीकडची पुस्तकं घेऊन फिरतात.

चौकातला_जुना

पुण्यात अप्पा बळवंत चौकात बरीच वर्षं काउंटरवर काढली, त्यावरून सांगतो. अंकांचे ३० प्रकार म्हणजे चैन झाली. तुझ्या गाळ्याला आठ पुरे. 'मौज', 'हंस', 'साधना' हे ठरलेल्या वाचकांचे, त्यांची नावं आधी वहीत लिहून, पैसे घेऊन तेवढेच मागव. 'आवाज' खिडकीचित्रांसाठी (कापलेल्या खिडकीतून चावट वाटतं, पान उलटलं की भलतंच निघतं) हमखास विचारतात, हसत हसत उघडतात आणि बायको बघतेय म्हटल्यावर मिटतात, पण घेतात. 'धनंजय' रहस्यकथावाल्यांसाठी. बालभारतीचा 'किशोर' मात्र जरा जास्त ठेव, स्वस्त असतो आणि आजी-आजोबा नातवंडांसाठी दोन-दोन उचलतात. माहेर-मेनका तुझ्या भागात कोण विचारतं बघून ठरव. परतीचं आता तरी व्हॉट्सअॅपवर का होईना, लिहून घे.

पार्सलचं सांगतो, बाहेरगावी पुस्तकं पाठवायची तर पोस्टाची ज्ञान पोस्ट सेवा आहे, १ मे २०२५ पासून सुरू झाली, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर टॅक्स. पण ती पुस्तकांना, नियतकालिकांना नाही, म्हणून दिवाळी अंक त्यात घालायला जाऊ नको.

सरळ_बोलतो

सगळं छान आहे पण खरं बोलू का, ऑनलाइन तीस टक्के सूट मिळते, घरपोच येतं. माणूस चिपळूणला उतरून पूर्ण किमतीत पुस्तक का घेईल? भावनेवर दुकान चालत नाही.

परळ_ते_गुहागर

@सरळ_बोलतो मग गणपतीत आमच्या वाडीत घरपोच मागवून बघा. डिलिव्हरीवाला खालच्या फाट्यावरून फोन करतो, फोन लागत नाही, पार्सल परत. पुस्तक हातात हवं असतं त्या दिवशी ते समोर असणं हीच सूट.

दोन_पोरांची_आई

लहान मुलांचं मी सांगते कारण आमचं घर त्याच पुस्तकांनी भरलंय. माधुरी पुरंदरेंची पुस्तकं ठेवाच, 'राधाचं घर' माझ्या धाकटीने इतकं वाचलंय की आता तिसरा शिवणदोरा घातलाय. आठ-दहा वर्षांच्यांना फास्टर फेणे अजून चालतो, माझ्या मोठ्याला फेणेचं गाव फुरसुंगी कुठे आहे ते नकाशात शोधायचं होतं. आणि कृपा करून मुलांची पुस्तकं प्लास्टिकमधे बंद ठेवू नका. एक-एक प्रत उघडी, खाली, हात पोचेल अशी. मळू दे. (पुराचं कळतं, पण संध्याकाळी उचलून वर ठेवता येईल ना?)

मोठ्यांसाठी: चाकरमान्यांना कोकणाचीच पुस्तकं द्या, बघा कशी जातात. जयवंत दळवींचं 'सारे प्रवासी घडीचे' माझ्या सासऱ्यांनी पडवीत बसून वाचलं, मधेच हसायचे आणि म्हणायचे हा आपला अमकाच. 'गारंबीचा बापू' दापोलीकडचा, म्हणजे तुमच्या शेजारचाच. गोनीदांची (गो. नी. दांडेकर) 'पडघवली' पण ठेवा, ओस पडत चाललेल्या गावाची गोष्ट, पण ती परतीच्या दिवशी देऊ नका कुणाला, घराला कुलूप लावताना फार त्रास होतो, स्वतःच्या अनुभवावरून सांगतेय.

चौकातला_जुना

आणि हो, ते १२० अंक रद्दीत घालू नको. गणपतीच्या जादा गाड्या किती लेट होतात माहितीये ना. पन्नास रुपयाला एक, शंभरला तीन, दोरीने बांध आणि पाटी लाव 'गाडी येईपर्यंत वाचा'. कथेला काय तारीख असते होय.

खाडीकाठचा_पुस्तकवाला

सगळ्यांचे आभार, खरंच. दोन वर्षं इथे राहून गणपती हा सीझन आहे हे मला मुंबईच्या माणसाने सांगावं लागलं, हे घरी सांगितलं तर सासरे आठवडाभर हसतील.

ठरवलंय असं. लेखक-बिखक रद्द. ११ सप्टेंबरपासून दुकान रात्री दहापर्यंत उघडं, पुढच्या टेबलावर कोकणातली पातळ पुस्तकं आणि मुलांची उघडी प्रत सतरंजीवर. भाद्रपदाचं वाचन गौरी-गणपती विसर्जनानंतर, तेव्हा गावातलीच माणसं उरतात. वाचनालयात आज जाऊन आलो, तिथल्या बाईंनी आधी चहा पाजला मग विचारलं काय काम. दिवाळीला आठच अंक, वही आजच उघडली, पहिलं नाव आमच्या शेजारच्या डॉक्टरांचं, 'आवाज' एक प्रत, आणि हळूच म्हणाले कागदात गुंडाळून दे.

माळ्यावरचे गठ्ठे काढले. चार अंक कसरीने खाल्लेत, बाकी ठीक. बांधता बांधता एकातलं वार्षिक राशिभविष्य वाचलं, आता वर्ष संपत आलंय म्हणजे तपासता येतं. माझ्या राशीला लिहिलंय, 'व्यापारात माल शिल्लक राहणार नाही.' तो अंक विकायचा नाही असं ठरवलंय, काउंटरच्या काचेखाली लावलाय.